बोट रस्त्याकडेच का जाते

नाशिक,
१२ ऑक्टोबर २०२५

आदरणीय गोरक्ष सर,
योगिनीचा नमस्कार.

पाकीट पाहून दचकू नका, कुणाचं काही बरंवाईट झालेलं नाही. फोन करावा तर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि तुमच्या मुलाला, समाधानला मेसेज केला की तो तुमच्या कानाशी ओरडून भलतंच काहीतरी सांगतो. मागे मी बोटींना नवा रंग दिल्याचं कळवलं, तर तुमच्याकडून माझं लग्न ठरल्याबद्दल अभिनंदन आलं. म्हणून म्हटलं, सरळ पत्रच लिहावं.

परवा विद्यापीठाच्या क्रीडा समितीची बैठक झाली. तुम्हाला कळलंच असेल, सलग दोन वर्षं आपली मुलींची बोट आंतरविद्यापीठ स्पर्धेत लेन सोडून बाहेर गेली आणि बाद झाली. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, पदकाचं राहू द्या. निदान आपल्या लेनमधून तरी शेवटपर्यंत या. तेही जमणार नसेल तर पुढच्या वर्षीपासून मुलींचा संघ नको पाठवायला." सगळे हसले. मीही हसले. मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तिथे रडणार कशी?

म्हणजे यंदा जानेवारीत पुण्याला बोट सरळ गेली नाही, तर तुम्ही उभ्या केलेल्या बोट क्लबवर मुलींचं रोइंग संपलं असं समजा. आणि ती सरळ जातच नाही. आपल्या घाटापासून वर आनंदवल्लीकडे सराव चालतो, एका काठाला रस्ता, दुसऱ्या काठाला मळे. मी रस्त्यावरून स्कूटीवर बरोबरीने जाते, तुम्ही लुनावरून जायचात तशीच. बोट थोडी पुढे गेली की रस्त्याकडे ओढायला लागते. वल्ही बदलून पाहिली. सुकाणूची दोरी नवी लावली. बोट उलटी टाकून तळाला दोरा धरून पाहिला, कुठे बाक नाही. घोडं कुठे पेंड खातंय तेच कळत नाही.

रस्त्याच्या बाजूचं वल्हं निकिताकडे असतं. ती देवळाली कॅम्पची, वडील सैन्यात, पहिल्या बसने येते. मुलगी अंगाने दणकट आहे, वल्हवायच्या एर्गो मशीनवर सगळ्यांच्या पुढे. तरी असं का व्हावं?

घरी दिवाळीच्या झेंडूची तोडणी चालू आहे. मी सकाळी नदीवर निघाले की बाबा म्हणतात, बोट हाकून कुणाचं पोट भरलंय, दोन क्रेट उचल. त्यांनाही काय उत्तर देऊ? काय करू ते तुम्हीच सांगा.

तुमची,
योगिनी


नांदगाव,
१९ ऑक्टोबर २०२५

चि. योगिनीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. रोग साधा आहे. तू ओरडत नाहीस.

हल्लीचे कोच पोरांना 'बेटा, बेटा' करत बसतात. मी लुनावरून निघालो की माझा आवाज पलीकडे मखमलाबादपर्यंत जायचा. झाडावरचे बगळे उठायचे. रोइंग शिकवणाऱ्याचा गळा शाबूत असेल तर त्यानं काही शिकवलेलं नाही, असं खुशाल समज. माझ्या कानाचं जे झालं तेही स्वतःच्याच ओरडण्यानं झालं, असं डॉक्टर म्हणत नाहीत पण तुझी आशाकाकू म्हणते.

एक चांगला भोंगा घे. बोटीच्या अगदी बरोबरीनं राहा, मागे पडू नकोस. आणि सगळ्यांना मिळून ओरडू नकोस, नाव घेऊन ओरड. बोट रस्त्याकडे जाते म्हणजे रस्त्याच्या बाजूची पोर कमी पडते. निकिताचा हात कच्चा आहे, दुसरं काही नाही. त्याच जागेवर तू बसायचीस आणि तुझंही तेच होतं. आठवत असेलच.

काकूनं चिवडा केला आहे. समाधान नाशिकला येईल तेव्हा देईल. डबा परत पाठव.

गोरक्ष


नाशिक,
९ नोव्हेंबर २०२५

आदरणीय सर,
नमस्कार. चिवडा पोचला. डबा समाधानकडेच परत दिला आहे.

भोंगा घेतला. आता गंगापूर रोडचे सकाळी फिरायला येणारे सगळे निकिताला नावाने ओळखतात. एक आजोबा तर स्कूटी थांबवून म्हणाले की त्या पोरीला जरा श्वास घेऊ द्या, आमचा कुत्रा घाबरतो.

उपयोग शून्य. उलट दुष्काळात तेरावा महिना. मी जितकी जवळ जाऊन ओरडते तितकी बोट जास्त रस्त्याकडे येते. गुरुवारी तर सरळ काठच्या पाणवेलीत घुसली आणि भिंतीला आपटून एक वल्हं फुटलं. पाणवेल उपसून मुलींना बाहेर काढेपर्यंत वर बघ्यांची रांग लागली होती. निकिता रडत होती. आणि मी तिला सगळ्यांसमोर म्हणाले, "तुझा हात कच्चा आहे. तुझ्या एकटीमुळे बाकीच्या तिघी बुडतील."

बोलून गेले आणि माझाच आवाज मला परका वाटला. हे वाक्य तुमचं आहे, सर. मी शेवटच्या वर्षाला होते तेव्हा पुण्याला आमची बोट लेनबाहेर गेली, आणि परतीच्या गाडीत तुम्ही मला हेच बोलला होतात, याच शब्दांत. त्यानंतर सिन्नर येईपर्यंत माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. तेव्हापासून मी त्या हाताच्या खांद्याचे व्यायाम करते. अजूनही करते. आई म्हणते, लग्नाच्या वयाची मुलगी रोज सकाळी भिंतीला रेटे देते, भिंत तेवढी पडायची राहिली आहे.

निकिताला काढून शुभांगीला बसवावं असं मनात आहे. शुभांगी राखीव आहे, बिचारी वर्षभर काठावर बसून बाटल्या भरते. निकिताला तसं सूचित केलं तर ती म्हणाली, "काढा मॅडम. पण माझं नेमकं काय चुकतं ते सांगून काढा." मला सांगता आलं नाही. राग तिचा आला की माझा, तेही कळलं नाही.

तुम्ही सांगाल तसं करीन.

योगिनी


नांदगाव,
१५ नोव्हेंबर २०२५

चि. योगिनीस आशीर्वाद.

काढ तिला. यात विचार कसला करायचा? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? रोइंगमध्ये दया दाखवली की बोट जागेवर बसते.

तुला माझी पहिली पोरं पाहायला हवी होती. १९९१ साल. क्लबकडे बोट नव्हती, बोट क्लब ही पाटी तेवढी होती. देवळाली कॅम्पातल्या एका सुभेदारानं टाकून दिलेली जुनी बोट मिळवून दिली. ती कांद्याच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बांधून आणली. द्वारका चौकात वळताना बोटीचं मागचं टोक एका चहाच्या टपरीत शिरलं आणि टपरीवाला म्हणाला, समुद्र तिकडे मुंबईला आहे. तिला आम्ही डांबर लावून पाण्यात सोडलं.

तेव्हा काठानं रस्ता नव्हता. दोन्ही बाजूला बाभळी आणि गुडघाभर चिखल. माणूस बोटीबरोबर जाणार कुठून? मी आपला घाटाच्या खालच्या पायरीवर खांद्यावर पांढरा टॉवेल टाकून उभा राहायचो. वल्हवणाऱ्याचं तोंड मागे असतं, त्यामुळे पोरांना सारखा मीच दिसायचो. "माझा टॉवेल नजरेसमोर, तुमच्या दोन्ही खांद्यांच्या मधोमध ठेवा आणि दिसेनासा होईपर्यंत ओढा," एवढाच हुकूम. पुढे काय करतात ते मला दिसायचं नाही आणि ओरडून तिथवर ऐकू जायचं नाही. त्या पोरांनी सलग तीन वर्षं सुवर्णपदक आणलं. फोटो ऑफिसात लावला होता, आहे का अजून?

मग रस्ता झाला. मी पदरचे पैसे घालून लुना घेतली, आणि त्यानंतर जेवढा राबलो तेवढा आधी कधी राबलो नव्हतो. रोज बोटीच्या शेजारी. गळा फाटला. पण तसली पोरं पुन्हा मिळाली नाहीत. पोरंच बदलली, योगिनी. कुणाला दोष द्यायचा?

शुभांगीला बसव.

गोरक्ष


नाशिक,
३० नोव्हेंबर २०२५

आदरणीय सर,
नमस्कार.

निकिताला काढलं नाही. रागावण्याआधी पूर्ण वाचा.

तुमचं पत्र आलं त्याच आठवड्यात सकाळी स्कूटी पंक्चर झाली. मुली पुढे निघाल्या होत्या. मी घाटावर उभी राहून स्कूटीला, टायरला आणि क्रीडा समितीला शिव्या घालत होते. बोट माझ्यासमोर लांब लांब गेली, आणि सरळ गेली. मला वाटलं, वारं पडलं असेल. दुसऱ्या दिवशी स्कूटीवर गेले, बोट पुन्हा रस्त्याकडे.

मग तुमचं पत्र पुन्हा काढून वाचलं. घाटाची पायरी, टॉवेल, तीन सुवर्णपदकं. मग रस्ता, मग लुना, मग काही नाही. मला रात्रभर... नाही, खोटं कशाला लिहू, झोप लागली, पण सकाळी उठले ती एक गोष्ट ठरवूनच. भोंगा घेतला आणि पलीकडच्या काठाला आमच्या मालनआत्याच्या मळ्यात गेले. फ्लॉवरच्या वाफ्यांतून पळत पळत तिथून ओरडले. आत्या म्हणाली, "अगं माझी रोपं तुडवू नको, काय झालंय तुला?" सर, बोट मळ्याकडे आली. मुली त्याच, जागा त्याच, निकिता रस्त्याच्याच बाजूला. तिचा हात कच्चा असता तर बोट मळ्याकडे आलीच नसती.

बोट आवाजाकडे जाते. आपण नाव घेऊन ओरडलो की मान वळते, मान वळली की खांदा कलतो, चौघींचे खांदे कलले की बोट कलते आणि त्या बाजूची वल्ही पाण्यात रुततात. आपण आणखी ओरडतो, ती आणखी येते. पुण्यालाही तेच. तिथे कोचसाठी सायकलची वाट आहे ती निकिताच्या दुसऱ्या बाजूला, तरी बोट वाटेकडेच गेली होती. आम्ही दोन वर्षं हे डोळ्यांनी पाहिलं आणि तरी निकिताच्या हातालाच दोष देत बसलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

आता लिहू नये ते लिहिते. आमच्या वर्षीही तुम्ही त्याच वाटेने सायकलवर होतात. आमची बोटही वाटेकडेच गेली होती, माझ्या बाजूला नाही. मी डोळे मिटले की मला ती वाट अजून दिसते. मग माझा हात कच्चा नव्हता ना, सर? मला बाकी काही नको, एवढ्याचं उत्तर द्या.

आणि एक विनंती आहे. मी घाटावर उभी राहते, पण माझं तोंड बंद राहत नाही, आपोआप उघडतं. तुम्ही थोडे दिवस या. तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून ओरडायची इच्छाही होणार नाही. पूर्वीसारखे पायरीवर नुसते उभे राहा. मुलींना समोर एक पक्की खूण मिळेल.

योगिनी


नांदगाव,
६ डिसेंबर २०२५

योगिनी,

पत्र मिळालं. त्या नदीकाठी मी तीस वर्षं झिजलो. आता कळलं की तीस वर्षं मीच बोटी वाकड्या करत होतो. गुरूची विद्या गुरूला, छान.

वर मी बहिरा आहे म्हणून सोयीचा आहे. मला घाटावरचा खांब करायचा बेत दिसतो. खांबच हवा असेल तर महापालिकेकडे अर्ज कर, ते दिव्यासकट देतील.

फोटोचं विचारलं होतं, त्याचं उत्तर आलं नाही.

गोरक्ष


नाशिक,
१८ जानेवारी २०२६

आदरणीय सर,
नमस्कार.

मध्ये दोनदा पत्र लिहिलं आणि फाडलं. माफी मागायला बसले की भांडण लिहिलं जायचं. तुम्हाला मी बहिरे म्हणून सोयीचे असं लिहायला नको होतं. बाकीचं मागे घेत नाही.

फोटो आहे. वाळवीने चौकट खाल्ली होती, मी काढून घरी नेला आणि नवी करून लावला. तुमच्या खांद्यावर टॉवेल आहे.

तुम्ही आला नाहीत म्हणून मी आधी पायरीवर बांबू रोवला आणि त्याला पांढरं फडकं बांधलं. मुलींनी दोन दिवस पाहिलं, तिसऱ्या दिवशी गप्पा सुरू. बांबूला कुणी घाबरत नाही. मग मीच उभी राहायला लागले, टॉवेल घेऊन आणि तोंडाला स्कार्फ बांधून. किती जड जातं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. समोर चौघींतल्या मनीषाचं वल्हं उशिरा पडतंय, दिसतंय, जीभ वळवळतेय, आणि बोलायचं नाही. परत आल्या की एकदाच काय ते सांगायचं. डिसेंबरभर घरी सगळ्यांवर ओरडून मी ते भरून काढलं, बाबांनी तर झेंडूच्या मळ्यातून मला हाकललं.

परवा पुण्याला अंतिम फेरी झाली. बाकी कोच सायकली घेऊन वाटेवर तयार. माझी सायकल स्टँडवरच होती. आयोजकांपैकी एक जण विचारायला आला, मॅडम, तुम्हाला सायकल येत नाही का? म्हटलं, नाही येत. आणि जिथून बोटी सुटतात तिथे, आमच्या लेनच्या बरोबर मागे, जेट्टीच्या टोकावर टॉवेल घेऊन उभी राहिले.

बोट सुटली. चौघी माझ्याकडे तोंड करून, आणि माझ्यापासून लांब जात होत्या. निकिताचा चेहरा दिसत होता तोवर तिने डोळे टॉवेलवरून हलवले नाहीत. वाटेवरून बाकीचे सगळे आपापल्या मुलींची नावं घेत ओरडत चालले होते, शेजारच्या दोन बोटी तर तिकडे सरकायलाही लागल्या. आमची मधोमध. मग चेहरे गेले, मग वल्ही गेली, मग नुसता एक ठिपका. शेवट काय झाला ते मला दिसलं नाही. लाउडस्पीकरवर पहिल्या तीन विद्यापीठांची नावं सांगितली, त्यात आपलं नव्हतं. मला वाटलं, गेली पुन्हा बाहेर. मी तिथेच खाली बसले.

बऱ्याच वेळाने निकिता अनवाणी चालत आली. म्हणाली, "मॅडम, चौथ्या आलो. लेनमधून."

कांस्यपदक अर्ध्या बोटीने हुकलं. मनीषाचं वल्हं उशिरा पडत होतं ना, तेच. मला इतका राग आला आणि इतकं रडू आलं की दोन्ही एकदम नीट करता येईना. अध्यक्षांना फोन केला. ते म्हणाले, ठीक आहे, लेनमधून आलात म्हणजे पुढच्या वर्षी संघ जाईल, पण चौथ्या क्रमांकाचा सत्कार करायची आपल्याकडे पद्धत नाही. सत्कार मागितला कुणी होता?

तिथे जेट्टीवर उभी असताना माझ्या मनात एकच गोष्ट होती. आमच्या वर्षी तुम्ही सायकलवर नसता आणि इथे उभे असता, तर? मी मागच्या पत्रात एक प्रश्न विचारला होता. तुम्ही फोटोचं लिहिलंत, त्याचं नाही लिहिलंत. आता पुन्हा विचारत नाही.

काकूंना नमस्कार.

योगिनी


नांदगाव,
२४ जानेवारी २०२६

चि. योगिनीस आशीर्वाद.

चौथा नंबर म्हणजे हरलात. अर्ध्या बोटीनं हरणं तर सगळ्यात वाईट. त्या मनीषाला मशीनवर बसव आणि कमरेतून उठायला शिकव, खांद्यातून नाही. पोरींनी टॉवेलवरून नजर हलवली नाही हे बरं केलं. तुझा टॉवेल अंग पुसायचा लहान असणार, पांढराही नसेल. या कामाला मोठा लागतो.

पुढच्या महिन्यात २ तारखेला, सोमवारी, सकाळच्या गाडीनं नाशिकरोडला उतरतो. समाधान म्हणतो, कानाला ऐकू येत नाही, रस्ते कसे ओलांडाल. त्याचं मला ऐकू आलं नाही. तू स्टेशनवर ये. काही दिवस राहीन, तुझ्या आईला सांग की मला तिखट चालत नाही.

घाटावर मी उभा राहतो. खांब म्हण नाहीतर काही म्हण. जुना टॉवेल काकूनं ट्रंकेतून काढून धुऊन ठेवला आहे. मी तोंडातून अक्षर काढणार नाही.

पहिल्या दिवशी निकिताला पायरीवर माझ्याशेजारी बसव. तिच्या जागेवर तू बस आणि वर आनंदवल्लीपर्यंत जा. तुझी बोट सरळ जाताना मला एकदा बघायची आहे.

गोरक्ष